अभ्यासिका ट्रस्टचा ताळेबंद (सोसायटीच्या सभासदांची चर्चा)

सी-४०२: ताळेबंद वाचला. बँकेत आणि ठेवीत मिळून ९ लाख आहेत. मग घरोघरी देणगी मागायचं कारण काय?

ए-१०१ (सीए): भाऊ, आधी निधी आणि देण्यांची बाजू बघा. ४ लाख कॉर्पस आहे, मूळ रक्कम राखायची असं देणगीदारांनी लिहून दिलंय. २.६० लाख फक्त पुस्तकांसाठी. मोकळे उरले २.४० लाख. पगार, भाडं, वीज मिळून महिन्याला ४८ हजार लागतात, म्हणजे पाच महिने. एप्रिल ते जून कूलर दिवसभर चालतात, तेव्हा ६० हजार. त्या हिशेबाने चारच.

बी-२०३: शिवाय हा आकडा ३१ मार्चचा. करसवलतीची (८०जी) पावती हवी म्हणून बहुतेक देणग्या मार्चातच येतात, वर्षातली सगळ्यात जास्त शिल्लक त्याच दिवशी दिसते. प्रत्येक महिनाअखेरची शिल्लक मागा. फेब्रुवारीची आधी.

सी-४०२: पण देणग्या दरवर्षी येतातच ना जी?

बी-२०३: नवी करप्रणाली घेतली की ८०जी ची वजावट नाही. जुनीतही २,००० च्या वरची रोख देणगी चालत नाही, चेक किंवा यूपीआयनेच घ्यावी. करासाठी देणारे कमी होणार, हे धरूनच अंदाजपत्रक करा. दरमहा ३०० देणारे शंभर जण मिळाले तर ३० हजार हमखास.

ए-१०१ (सीए): मला मुदतठेवीची जास्त काळजी वाटते. कॉर्पस ४ लाख, ठेव २.५० लाख. मागच्या वर्षी ठेव पूर्ण ४ लाखांची होती. दीड लाख मोडून बचत खात्यात आलेत. खर्च झाले नाहीत, पण तिथे राहिले तर पगारात जातील, कोणाच्या लक्षातही येणार नाही. व्याज घटेल, पुढच्या वर्षी तूट, मग पुन्हा ठेव मोडा. छोट्या संस्था अशाच हळूहळू बसतात. ते दीड लाख या आठवड्यातच परत ठेवीत टाका.

डी-३०४ ताई: घसाराही (वस्तू जुन्या होतात त्याची घट) बघा. कागदावर दरवर्षी लिहितो, बाजूला पैसा ठेवत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी गेली की हात पसरायची वेळ येते.

सचिव: पाच वर्षांचे ताळेबंद आणि ठेवीच्या पावत्या रविवारी ११ वाजता सोसायटी ऑफिसात ठेवतो.

ए-१०१ (सीए): पासबुकंही आणा. आणि नव्या विश्वस्तांचा फेरफार अहवाल (विश्वस्त बदलल्याची नोंद) धर्मादाय कार्यालयात गेला का? मुदत ९० दिवसांची आहे. तो अडला तर बँक सह्या बदलून देत नाही.

सचिव: पोच शोधून टाकतो.