मदत हवी आहे: बॉक्सिंगमधल्या फ्युरी-वाइल्डर रीमॅचचे आकडे जुळत नाहीत. ५० लाख डॉलर की अडीच कोटी?

चौकटकर
दिवाळी अंकातल्या एका लेखाला 'हेवीवेट रीमॅच आणि पैसा' अशी चौकट जोडायची आहे. लढत २२ फेब्रुवारी २०२० ची, लास वेगासचं एमजीएम ग्रँड, डब्ल्यूबीसी या संघटनेचा बेल्ट, म्हणजे विजेतेपद. टायसन फ्युरीने सातव्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरचा निकाल लावला, इथवर सगळ्यांचं एकमत आहे. बक्षिसाच्या रकमेवर मात्र गाडी अडते. एका ठिकाणी प्रत्येकी ५० लाख डॉलर, दुसरीकडे प्रत्येकी अडीच कोटी, आणि एका मराठी बातमीत चक्क २५ कोटी. काय छापू? आणि जिंकणाऱ्याला नि हरणाऱ्याला बक्षीस सारखंच कसं?

तिसरी घंटा
२५ कोटी आधी खोडा. ती भाषांतरातली चूक आहे. २५ मिलियन म्हणजे अडीच कोटी.

उरलेले दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते एकाच गोष्टीचे नाहीत. ५० लाख ही नेवाडाच्या अॅथलेटिक कमिशनकडे नोंदवलेली हमीची रक्कम. तिकिटं खपोत न खपोत, प्रमोटरला, म्हणजे लढत भरवणाऱ्याला, ती द्यावीच लागते. अडीच कोटी हा लढतीआधी वर्तवलेला अंदाज: हमी, पे-पर-व्ह्यूतला (पीपीव्ही, म्हणजे लढतीपुरते पैसे भरून टीव्हीवर पाहणं) वाटा आणि बाकीची मिळकत धरून. दोघांनी नफा निम्मा-निम्मा वाटून घ्यायचं ठरलं होतं, म्हणून आकडे सारखे दिसतात.

आता अंदाज किती फुगलेला होता ते पाहा. प्रमोटर मंडळी २० लाख पीपीव्ही विक्रीची भाषा करत होती. अमेरिकेत विक्री झाली साधारण आठ-साडेआठ लाख. दर ७९.९९ डॉलर. आठ लाख धरले तर ढोबळ ६ कोटी ४० लाख डॉलर. त्यातलं निम्म्याच्या आसपास केबल आणि वितरणवाले ठेवतात. राहिले ३ कोटी २० लाख. तिकीटविक्री १ कोटी ६९ लाख, म्हणजे नेवाडातल्या हेवीवेट लढतींचा तेव्हाचा विक्रम. बेरीज ४ कोटी ८९ लाख. यातून हॉलचं भाडं, जाहिरात, त्याच रात्री आधी झालेल्या लढतींच्या खेळाडूंचं मानधन आणि प्रमोटरचा हिस्सा जायचा. परदेशी प्रक्षेपण आणि प्रायोजक वेगळे, पण नुसत्या या दोन रकमांतून दोघांचे मिळून पाच कोटी निघत नाहीत. म्हणून अडीच कोटी छापायचेच असतील तर 'अपेक्षित' हा शब्द गाळू नका.

फडकरी
'बक्षीस' शब्दच काढा. आपल्या जत्रेतल्या कुस्तीला इनाम असतं, म्हणून डोक्यात तेच बसतं. बॉक्सिंगमधली पर्स म्हणजे करारातलं मानधन. हरणाराही ते घेऊनच घरी जातो.

खरं इनाम पाहायचं तर पर्स बिडची लढत घ्या. दोन्ही बाजूंचं जमत नसलं की बेल्ट देणारी संघटना प्रमोटरांकडून बंद पाकिटात बोली मागवते. २०२२ च्या फ्युरी आणि डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी प्रमोटर फ्रँक वॉरन यांची बोली ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलरची. त्यातले १० टक्के, म्हणजे ४१,०२,५००, जिंकणाऱ्यासाठी बाजूला. उरलेले ८०:२०. फ्युरीला २,९५,३८,०००, व्हाइटला ७३,८४,५००. वेम्बलीत सहाव्या फेरीत व्हाइट आडवा झाला आणि बाजूला ठेवलेले ४१ लाखही फ्युरीकडे गेले. अशा लढतीत 'बक्षीस' लिहा, ते सुद्धा त्या १० टक्क्यांपुरतं.

चौकटकर
हे नीट कळलं. मग ५० लाख हमी म्हणजे किमान तेवढे तरी खिशात पडले, असं लिहू का?

कॉर्नरमन
नका लिहू. हिशेबाला सोपं म्हणून १ कोटी डॉलरची पर्स धरा. बेल्टच्या संघटनेची फी साधारण ३ टक्के (मोठ्या लढतीत तिला कमाल मर्यादा घालतात): ३ लाख. ट्रेनरचे प्रथेप्रमाणे १० टक्के: १० लाख. मॅनेजरला नेवाडात जास्तीत जास्त एक तृतीयांश घेता येतो. आपण २० टक्के धरू: २० लाख. फ्युरीसारखा अमेरिकेबाहेरचा खेळाडू असेल तर ढोबळ रकमेवर ३० टक्के कर आधीच कापला जातो: ३० लाख. उरले ३७ लाख. स्पारिंग पार्टनर (सरावात समोर लढणारे), आठ-दहा आठवड्यांचा कॅम्प, आहारतज्ज्ञ हे सगळं यातूनच. कापलेला कर अंतिम नसतो. विवरणपत्र भरून खर्चाची वजावट मागता येते, काही परतही येतं, पण नंतर.

शिस्तभंगाचा दंडही पर्समधूनच जातो. जून १९९७ ला दुसऱ्या लढतीत इव्हँडर होलीफिल्डचा कान चावल्यावर माइक टायसनचे ३ कोटींतले ३० लाख नेवाडाने कापले. १० टक्के ही तेव्हाच्या नियमातली कमाल मर्यादा होती. परवाना गेला तो वेगळाच.

याच जोडीवरून रीमॅचचा भाव कसा चढतो तेही दिसतं. १९९६ च्या पहिल्या लढतीत होलीफिल्डला १ कोटी १० लाख, टायसनला ३ कोटी. होलीफिल्ड जिंकला. पुढच्या वेळी त्याला साडेतीन कोटी, टायसन तिथेच. चौकटीत एकच उदाहरण बसणार असेल तर मी हे घेईन. फ्युरी-वाइल्डरपेक्षा स्वच्छ आहे.

तिसरी घंटा
रीमॅचचं कलम विसरू नका. २०२० च्या कराराप्रमाणे हरणाऱ्याला ३० दिवसांत तिसरी लढत मागता येत होती आणि तिच्यात वाटणी जिंकणाऱ्याच्या बाजूने ६०:४०. वाइल्डरने मागितली. पुढे महामारीत तारखा हुकल्या, फ्युरीच्या बाजूने कलमाची मुदत संपली असं धरून अँथनी जोशुआ या दुसऱ्या हेवीवेटशी लढतीचा सौदा जुळवला, आणि मे २०२१ मध्ये लवादाने वाइल्डरच्या बाजूने निकाल दिला. जोशुआची लढत बारगळली. तिसरी लढत ९ ऑक्टोबर २०२१ ला झाली. चढ्या आकड्यांच्या बातम्या वाचताना आधी हेच बघायचं: समोरच्यावर जुन्या कराराचं ओझं आहे का? असेल तर आकडा हवेतला.

चौकटकर
असं लिहितो: 'फ्युरी-वाइल्डर दुसरी लढत, २२ फेब्रुवारी २०२०. नोंदवलेली हमी प्रत्येकी ५० लाख डॉलर. पीपीव्हीच्या वाट्यासह लढतीआधी अपेक्षित मानधन प्रत्येकी अडीच कोटींच्या आसपास (करपूर्व).' खाली होलीफिल्डचे १.१ आणि ३.५ कोटी. चालेल?

फडकरी
चालेल. फक्त तारखेपुढे 'लास वेगासची वेळ' घाला. मुख्य लढत आपल्याकडे २३ तारखेला, रविवारी सकाळी दिसली. नाहीतर तारीख चुकली म्हणून पत्रं येतील.