मदत हवी आहे : छोट्या वर्कशॉपवाल्याने व्यवसायावरची कोणती पुस्तकं वाचावीत?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांच्या जोडीला आता धाकटा भाऊ आलाय, बी.कॉम. झालेला. त्याला वाचनाची आवड आहे आणि त्याने वेळ वाया न घालवता नेमकं कामाचं तेच वाचावं असं मला मनापासून वाटतं.

दुकानात गेलं की 'यशस्वी कंपन्यांची सूत्रं' सांगणारी पुस्तकंच समोर मांडलेली असतात. त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. जिम कॉलिन्सचं २००१ सालचं 'गुड टू ग्रेट' बघा. त्यात गौरवलेल्या ११ कंपन्यांपैकी सर्किट सिटी या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या कंपनीने २००८ मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला. जिंकलेल्यांकडे बघून नियम काढले की असं होतं. त्याउलट गोल्डरॅटचं 'द गोल' आवडलं. कादंबरी आहे, पण माल एकाच मशीनपाशी का तुंबतो हे त्यात नीट कळतं. आमच्याकडे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनपाशी अगदी तसंच होतं.

खरी अडचण उधारीची आहे. कायद्यात छोट्या उद्योगांचे पैसे चुकते करायला ४५ दिवसांची मुदत असली तरी पेमेंट तीन-तीन महिने येत नाही, आणि जीएसटी मात्र बिल फाडलं की भरावाच लागतो. खेळतं भांडवल, कोटेशनचा दर, जॉबवर्कचा (दुसऱ्याच्या मालावर करून दिलेल्या कामाचा) हिशेब यावर भारतातल्या छोट्या उद्योगाला धरून लिहिलेलं काही आहे का? मराठीत असेल तर उत्तमच, बाबाही वाचतील.

कृपया स्वतः वाचून धंद्यात वापरलेलंच सुचवा, आणि त्यामुळे नेमकं काय बदललं तेही लिहा.