मदत हवी आहे: रात्रीच्या जॉबमधून सर्व्हरवरची स्क्रिप्ट चालेना, हातानं मात्र चालते (तातडीचं)

सातरस्ता
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं डेटाचं काम बघते. रात्री एक जॉब दिवसभराचं उत्पादन आणि गोडाउनमधला शिल्लक माल यांची फाइल सर्व्हरवर पाठवतो आणि मग एसएसएचनं (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन, आमच्याकडं पासवर्डऐवजी की-फाइलवर) तिथली लोड स्क्रिप्ट, म्हणजे डेटाबेसमध्ये माहिती भरणारी स्क्रिप्ट, चालवतो. सकाळी त्यावरूनच डिस्पॅचची यादी निघते. आता फाइल जाते, पण स्क्रिप्ट काही चालत नाही. मी हातानं लॉगिन करून चालवली की दोन मिनिटांत काम होतं. जॉबमध्ये काहीही बदललेलं नाही. रोज पहाटे उठून हातानं स्क्रिप्ट चालवायची वेळ आली आहे. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

लिनक्सकाका
ताई, "चालत नाही" एवढ्यावरून काय सांगणार? जॉब डेटा हलवायच्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलाय, टॅलेंड, पेंटाहो, नायफाय? एरर काय येते? जशीच्या तशी टाका. सर्व्हर कुठला?

निवांत
की-फाइलच्या भानगडीत पडूच नका. सरळ यूजरनेम-पासवर्ड टाका जॉबमध्ये. आमच्याकडं कितीतरी वर्षं तसंच चालू आहे, कधी अडलं नाही.

टर्मिनल
@निवांत, कृपा करून असले सल्ले देऊ नका. जॉब बिल्ड करून झिप कुणाला पाठवली की कॉन्टेक्स्ट फाइलसोबत (जॉबच्या सेटिंगची फाइल) पासवर्डही गेला. आणि पासवर्ड बदलायची वेळ आली की प्रत्येक जॉब उघडून बसा. यंत्रानं यंत्राशी बोलायचं असेल तर की-फाइलच हवी.

निवांत
सल्ला मागितलाय म्हणून दिला. ज्यांना काम आजच्या आज चालू करायचंय त्यांच्यासाठी आहे.

सातरस्ता
टॅलेंड ओपन स्टुडिओ ७.३, विंडोजवर. एरर फक्त "ऑथ फेल" एवढीच येते. की-फाइल तीच, यूजर तोच. कमांड प्रॉम्प्टवरून एसएसएच केलं की आत जाते. फाइल विनएससीपी (फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर) पाठवतं, तेही त्याच की-फाइलवर व्यवस्थित चालतं. म्हणजे की-फाइल बरोबर आहे. सर्व्हर तोच आहे.

हुरडा
विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी जॉब चालवणारी सोय) जॉब कुठल्या खात्यानं चालतो ते बघा. दुसऱ्याच साध्या खात्यानं चालत असेल तर तुमच्या यूजर फोल्डरमधली की-फाइल त्याला वाचताच येत नाही. आमच्या साखर कारखान्यात गाळप हंगामाच्या तोंडावर नेमकं हेच झालं होतं. की-फाइल बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवून फक्त त्या एका खात्याला वाचायची परवानगी दिली आणि चालू झालं.

सातरस्ता
स्टुडिओतून स्वतः रन बटण दाबलं तरी तीच एरर. शेड्युलरचा संबंध नाही.

नवी_दिशा
टॅलेंड ओपन स्टुडिओ ३१ जानेवारी २०२४ ला बंद झालं, त्यात आता सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. एअरफ्लोवर (जॉब लावून चालवायचं दुसरं सॉफ्टवेअर) या. त्यात एसएसएच ऑपरेटर आहे, पायथनची पॅरामिको लायब्ररी वापरतो, सगळं स्वच्छ. ड्रॅग-ड्रॉपच हवं असेल तर पेंटाहोच्या केटलमधून निघालेला अपाची हॉप आहे.

लिनक्सकाका
@नवी_दिशा, त्यांना उद्या सकाळची डिस्पॅचची यादी काढायची आहे. घर बांधायचा सल्ला नंतर देऊ, आधी गळती बंद करू.

डेटाबेसवाला
ताई, "सर्व्हर तोच" म्हणजे आयपी तोच का? त्यावरची सिस्टिम बदलली का? आणि क्लायंटच्या एररकडं बघू नका, "ऑथ फेल"मध्ये कधीच खरं कारण नसतं. सर्व्हरवर व्हार लॉग फोल्डरमध्ये ऑथ डॉट लॉग आहे का बघा. रेडहॅट घराण्यातला सर्व्हर असेल तर त्या फाइलचं नाव सिक्युअर असतं. एक खिडकी त्या लॉगवर उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून जॉब चालवा.

सातरस्ता
आयपी तोच आहे. होस्टिंगवाल्यांनी मध्यंतरी अपग्रेड केलाय. आधी सेंटओएस ७ होतं, आता उबंटू २२.०४ आहे. आमच्या फाइली त्यांनीच हलवून दिल्या. लॉगमध्ये हे मिळालं: "की टाइप एसएसएच-आरएसए नॉट इन पबकी-अ‍ॅक्सेप्टेड-अल्गोरिदम्स, प्रीऑथ".

डेटाबेसवाला
हेच पहिल्या पोस्टमध्ये असतं तर तिथंच उत्तर मिळालं असतं. सेंटओएस ७ मध्ये ओपनएसएसएच (सर्व्हरवरचं एसएसएचचं सॉफ्टवेअर) ७.४ होतं, उबंटू २२.०४ मध्ये ८.९ आहे. २०२१ मधल्या ८.८ आवृत्तीपासून एसएचए-१ या जुन्या हॅश पद्धतीवर आधारलेली आरएसए सही (की-फाइल आपल्याकडं आहे हे क्लायंट सर्व्हरला जिनं पटवतो ती) डीफॉल्ट बंद झाली. लक्षात घ्या, तुमची आरएसए की-फाइल बाद झालेली नाही. तीच की-फाइल नव्या क्लायंटमध्ये एसएचए-२ नं सही करते म्हणून कमांड प्रॉम्प्ट आणि विनएससीपी आत जातात. जॉबमधली जावा लायब्ररी अजून जुन्या पद्धतीनं सही करते, म्हणून तिला दार उघडत नाही.

सातरस्ता
मग यावर उपाय काय?

गडकरी_गल्ली
सर्व्हरच्या एसएसएचडी कॉन्फिगमध्ये पबकी-अ‍ॅक्सेप्टेड-अल्गोरिदम्स लिहून पुढं अधिक चिन्ह आणि एसएसएच-आरएसए. सर्व्हिस रीस्टार्ट. झालं काम.

टर्मिनल
झालं, पण सगळ्यांसाठी! जे दार मुद्दाम बंद केलंय ते एका जॉबसाठी इंटरनेटवरच्या सर्व्हरला उघडायचं? असलं "तात्पुरतं" मग कायमचं राहतं.

गडकरी_गल्ली
मॅच यूजर घालून त्या एका यूजरपुरतं ठेवता येतं. उगीच घाबरवू नका.

डेटाबेसवाला
मॅच यूजरनं होतं, बरोबर आहे. तरी क्लायंटची बाजू सुधारणं चांगलं. ताई, जॉबमध्ये टॅलेंडचा तयार टीएसएसएच कंपोनंट आहे ना?

नवी_दिशा
टीएसएसएच असेल तर "कॅनॉट निगोशिएट, प्रपोजल्स डू नॉट मॅच" यायला हवं होतं. नव्या सर्व्हरपुढं मला तरी तेच आलं होतं. तिथं सहीपर्यंत गाडी पोचतच नाही.

सातरस्ता
टीएसएसएच नाही. माझ्या आधी जे होते त्यांनी टीजावा कंपोनंटमध्ये स्वतःचा जावा कोड लिहिलाय. टीलायब्ररीलोडमध्ये जेएससीएच (जावातून एसएसएच करायची लायब्ररी) ०.१.५५ ची जार फाइल आहे.

डेटाबेसवाला
मग सगळं जुळलं. ०.१.५५ ही त्या मूळ लायब्ररीची २०१८ ची आवृत्ती आहे, तिला आरएसएची नवी सही येत नाही. दोन रस्ते आहेत. पहिला, त्याच लायब्ररीचा गिटहबवर एमविडे नावाच्या खात्याचा फोर्क (त्याच कोडवरून पुढं नेलेली प्रत) आहे, त्याची जार टाकायची. पॅकेजची नावं तीच असल्यामुळं कोड बदलावा लागत नाही. दुसरा, जार तशीच ठेवून या जॉबसाठी नवी की-फाइल करायची: एसएसएच-कीजेनला प्रकार ईसीडीएसए, २५६ बिट, फॉरमॅट पीईएम असं सांगा. फॉरमॅट सांगायला विसरू नका. ओपनएसएसएच ७.८ पासून की-फाइल डीफॉल्ट नव्या फॉरमॅटमध्ये बनते आणि जुनी जेएससीएच तिला "इनव्हॅलिड प्रायव्हेट की" म्हणते. ईडी-२५५१९ करू नका, या जारला ते कळत नाही. आज रात्रीसाठी दुसरा रस्ता करा, जार सवडीनं बदला.

चाटीगल्ली_गिऱ्हाईक
धाग्याचा विषय वेगळा आहे, माफ करा. ताई टॉवेलच्या कारखान्यात आहेत म्हणून विचारतो, बहिणीच्या लग्नात आहेर म्हणून टॉवेल द्यायचे आहेत. सोलापुरात थेट कारखान्यातून थोडे नग मिळतात का, की चाटी गल्लीच बरी?

हुरडा
थोड्या नगांसाठी चाटी गल्लीतच जा. कारखान्यात गठ्ठ्यानं व्यवहार होतो. टेरी टॉवेलचं वजन विचारून घ्या, जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) कमी असेल तर दोन धुण्यांत पातळ होतो.

सातरस्ता
ईसीडीएसएची की-फाइल केली, सर्व्हरवर ऑथोराइज्ड कीजमध्ये घातली. लॉगिन झालं! पण स्क्रिप्ट लगेच बाहेर पडते. लॉगमध्ये "डीबी होस्ट रिकामं आहे" असं येतं. जॉब मात्र हिरवा दाखवतो, एक्झिट स्टेटस (कमांड संपताना मिळणारा आकडा, शून्य म्हणजे यशस्वी) -१. डीबीचा, म्हणजे डेटाबेसचा, पत्ता बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) एक्स्पोर्ट केलेला आहे, मी स्वतः बघितला. हातानं चालवलं की चालतं.

गडकरी_गल्ली
लॉगिन शेल लागतं. कमांडच्या आधी बॅश, पुढं एलसी, आणि कमांड अवतरणात.

लिनक्सकाका
उबंटूवर त्यानं सुटणार नाही. लॉगिन शेल प्रोफाइल वाचतं, प्रोफाइल बॅशआरसीला बोलावतं, पण उबंटूच्या बॅशआरसीत अगदी वरच ओळ आहे: "इफ नॉट रनिंग इंटरॅक्टिव्हली, डोंट डू एनीथिंग". समोर माणूस बसलेला नसेल तर तिथूनच परत. ताईंचे एक्स्पोर्ट फाइलच्या तळाशी असणार. सेंटओएसच्या बॅशआरसीत ही अट नव्हती, म्हणून आजवर चाललं. हातानं लॉगिन केलं की इंटरॅक्टिव्ह शेल मिळतं, म्हणून हातानंही चालतं.

ताई, बॅशआरसीला हात लावू नका. एक वेगळी एन्व्ह फाइल करा, त्यात पत्ता आणि बाकीची व्हेरिएबल्स ठेवा, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्या आणि लोड स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तिला सोर्स करा. मग कोण कुठून बोलावतंय याचा प्रश्नच राहत नाही. सीडी करून पुढची कमांड वेगळ्या एक्झेक चॅनलमध्ये देत असाल तर तेही थांबवा. दर चॅनलला नवं शेल मिळतं आणि आधीचं सीडी विसरलं जातं.

डेटाबेसवाला
-१ चं कारण वेगळं आहे. जेएससीएचमध्ये चॅनल बंद होईपर्यंत गेट एक्झिट स्टेटस -१ च देतं. आउटपुट शेवटपर्यंत वाचा, चॅनल बंद झालं का ते तपासत थांबा, मगच स्टेटस घ्या. आउटपुट न वाचता नुसतं थांबलात तर जास्त मजकूर आला की बफर भरून दोन्ही बाजू अडकतात. आणि स्टेटस शून्य नसेल तर टीजावामधून एक्सेप्शन फेका, नाहीतर डेटा न भरताही जॉब हिरवाच दिसणार. मला विचाराल तर या धाग्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच. लॉगिन फसलं तर निदान लाल तरी दिसतं. इथं यादी कालच्या मालावर निघाली असती आणि कुणाला कळलंही नसतं.

टर्मिनल
आणखी एक. सर्व्हर नवा म्हणजे होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी की) पण बदलली असणार. तरी जॉब गप्प राहिला, म्हणजे कोडमध्ये स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग "नो" आहे. उद्या त्या आयपीवर दुसरंच कुणी बसलं तरी जॉब खुशाल कमांड देईल. होस्टिंगवाल्यांकडून होस्ट कीचं फिंगरप्रिंट फोनवर ताडून घ्या आणि नोन होस्ट्स फाइल जोडा.

निवांत
म्हणून म्हणत होतो, सर्व्हरवर क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) लावा. फाइल आली की क्रॉन उचलेल, एसएसएचची गरजच नाही.

लिनक्सकाका
तुम्ही पासवर्ड म्हणत होता. पण क्रॉनची सूचना चांगली आहे. फक्त फाइल आधी वेगळ्या नावानं चढवून पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं, नाहीतर क्रॉन अर्धी फाइल उचलतो. आणि लोड फसला हे इकडच्या जॉबला कसं कळणार ते आधी ठरवावं लागेल.

सातरस्ता
एन्व्ह फाइल वेगळी केली, चॅनल बंद होईपर्यंत थांबण्याचा लूप घातला, शून्य सोडून काहीही आलं की जॉब लाल. मुद्दाम डीबीचा पत्ता चुकीचा देऊन बघितला, लाल झाला. रात्रीचा जॉब आपोआप चालला, यादी वेळेवर निघाली. कोडमध्ये चेकिंग खरंच "नो" होतं. फिंगरप्रिंटसाठी होस्टिंगवाल्यांना मेल टाकलाय, उत्तर आलं की तेही बसवते. लिनक्सकाका, डेटाबेसवाला, टर्मिनल, मनापासून धन्यवाद.

नवखा_७
माझं पण असंच होतंय. पेंटाहोमधून सर्व्हरवरची कमांड चालत नाही. काय करू?

लिनक्सकाका
वेगळा धागा काढा. पेंटाहोची आवृत्ती, पूर्ण एरर, सर्व्हरची सिस्टिम आणि त्याच्या लॉगमधली ओळ, एवढं पहिल्याच पोस्टमध्ये टाका.