फरहात अब्बास: मन बदललं की नाइलाज झाला?

अडगळ: आपल्याकडचा मवाळ-जहाल वाद चघळून चोथा झालाय, म्हणून जरा फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियात जाऊ. सेतिफ गावात औषधांचं दुकान चालवणारे फरहात अब्बास. १९३६ मध्ये या गृहस्थांनी लिहिलं की अल्जीरियन राष्ट्र मी शोधलं, पार कबरस्तानात जाऊन विचारलं, कुठेच सापडलं नाही. फ्रान्स म्हणजे मीच! आणि १९५८ मध्ये हेच अल्जीरियाच्या हंगामी स्वतंत्र सरकारचे अध्यक्ष.

माझ्या मते माणूस तोच होता. मागणं एकच: बरोबरीचे नागरिक करा. १९३६ च्या फ्रेंच सरकारच्या ब्लूम-व्हायोलेट विधेयकात वीस-पंचवीस हजार मुसलमानांना पूर्ण मताधिकार मिळणार होता, बस्स. तेवढ्यावरही तिथल्या युरोपीय महापौरांनी राजीनाम्याच्या धमक्या दिल्या आणि विधेयक मतदानाला आलंच नाही.

खडूस काका: इतके साधे असते तर १ नोव्हेंबर १९५४ ला फ्रान्सविरुद्ध सशस्त्र उठाव झाला तेव्हा कुठे होते? तो उठाव करणाऱ्या एफएलएन या संघटनेत गेले ते एप्रिल १९५६ ला, कैरोत. मधलं सोयीस्कर गाळलंत. ऑगस्ट १९५५ मध्ये एफएलएनवाल्यांनी यांच्या पुतण्याला ठार केलं. निरोप पोचला. याला मतपरिवर्तन नाही, धास्ती म्हणतात.

रानजाई: काका, अब्बासांचा १९४३ चा जाहीरनामा वाचा. अल्जीरियाला स्वतःची घटना हवी, हे त्यात आहे. तेव्हा कुठला एफएलएन?

आणि ८ मे १९४५. युरोपातलं युद्ध संपलं म्हणून हे गव्हर्नर जनरलचं अभिनंदन करायला गेले. बाहेरच्या खोलीत ताटकळत बसलेले असतानाच अटक! त्याच दिवशी सेतिफच्या मिरवणुकीवर गोळ्या चालल्या. शंभरेक युरोपीय मारले गेले, त्याच्या बदल्यात मुसलमान हजारोंनी. पेढे घेऊन गेलेल्याला कोठडी दाखवलीत तर तो किती दिवस 'फ्रान्स म्हणजे मीच' म्हणेल?

खडूस काका: बरेच दिवस म्हणाला की! १९४६ ला सुटून पॅरिसच्या संविधान सभेत जाऊन बसले. मागणी काय, तर फ्रान्सशी जोडलेलं प्रजासत्ताक.

अडगळ: बसले, आणि हाती काय आलं? १९४७ च्या कायद्यानं अल्जीरियाच्या विधानसभेत सुमारे नऊ लाख युरोपीयांना ६० जागा, ऐंशी लाखांच्या आसपास मुसलमानांनाही ६०च. १९४८ ला त्या ६० साठीही सरकारनंच उघडउघड खोटं मतदान घडवलं. सनदशीर मार्ग म्हणायचा तरी कशाला?

पुतण्याचं मी लिहायला हवं होतं, मान्य. धास्ती नसेलच असं नाही. पण घाबरटच म्हणायचं तर १९६३ बघा. स्वातंत्र्यानंतर संविधान सभेचे अध्यक्ष होते. पंतप्रधान बेन बेलांच्या लोकांनी सभेला डावलून घटनेचा मसुदा अल्जीयर्सच्या एका थेटरात पक्षाच्या लोकांपुढे मांडला. यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी अटक, रवानगी सहारात. आता पकडणारे आपलेच.

खडूस काका: थेटरात? हे माहीत नव्हतं. १९५६ बद्दल मात्र माझं मत तेच.