घरची बिअर: अनुभव आणि युक्त्या सांगा

तळघर
परवा आवराआवरी करताना जुना हायड्रोमीटर (बिअरच्या रसाची घनता मोजायचं उपकरण) हाती लागला आणि मिशिगनमधले विद्यार्थीदशेतले दिवस आठवले. घरमालक आजोबांनी मला बिअर करायला शिकवलं होतं. अमेरिकेत दारूबंदी उठल्यावर घरी वाइन करायला परवानगी मिळाली, बिअर मात्र राहूनच गेली. ती १९७८ मध्ये कार्टर यांच्या सहीने कायदेशीर झाली. आजोबा तेव्हापासून करत होते.

त्यांचं म्हणणं असं, की आपण नुसतं गोड पाणी, म्हणजे धान्याचा रस, उकळतो, बिअर यीस्ट करतं. त्याला स्वच्छ भांडं आणि थंड जागा द्यायची आणि मग लुडबूड करायची नाही. उकळताना काही बिघडत नाही. गॅस बंद केल्यावर रसाला जे जे लागणार, झारा, नळी, झाकण, बादली, ते सगळं आधी सॅनिटायझरमधून निघालं पाहिजे. बादलीला आतून ओरखडा आला की ती बाद, कारण ओरखड्यात जंतू बसतात आणि घासून जात नाहीत.

आणि काचेचा कारबॉय (बिअर आंबवायची मोठी बाटली) घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. ओल्या हातातून सुटला तर टाके पडतात, आजोबांच्या शेजाऱ्यांचा हात मी पाहिलाय. प्लॅस्टिकची बादली उत्तम.

तुमचेही अनुभव येऊ द्या.

रानजाई
भारी धागा! आम्ही ह्यूस्टनला. नवरा करतो, तापमान सांभाळायचं खातं माझ्याकडे. एल या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २० अंश हवेत आणि आंबताना रस स्वतःही तापतो, बाहेरच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश जास्तच. यीस्ट तापलं की बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास येतो. म्हणून मोठ्या टबात पाणी, त्यात बादली, बादलीला जुना टी-शर्ट घातलेला, त्याची खालची कड पाण्यात, समोर टेबलफॅन. रोज सकाळी टबात गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या टाकायच्या. उन्हाळ्यात सरळ क्वाइक वापरतो. हे नॉर्वेतल्या शेतघरांमधलं यीस्ट, ३५ अंशांतही मजेत काम करतं. कुकर झाला, बाकीचं नंतर लिहिते.

पावशेर
बाटल्या फुटल्या की नाही कुणाच्या??

उत्तररात्र
@पावशेर फुटल्या ना. लंडनला रूममेटने घाईत भरल्या होत्या, रात्री कपाटात एकापाठोपाठ एक गेल्या. काचेचा तुकडा दाराच्या प्लायमध्ये रुतलेला बघितला तेव्हा हातपाय गार पडले. माणूस समोर असता तर?

आंबणं संपायच्या आत भरली की बाटलीत गॅस साचून ती फुटते. आणि बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही. हायड्रोमीटरचा आकडा (साध्या पाण्याचा १.०००, साखर असेल तितका जास्त) तीन दिवस तोच आला पाहिजे. सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१० असेल तर दोन्हीतला फरक गुणिले १३१, म्हणजे साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल. फेस यावा म्हणून भरताना साखर घालतात ती लिटरला ६ ग्रॅमच्या आसपास, आणि काट्यावर तोलून. चमच्याचा भरवसा नाही. साखर थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळायची, म्हणजे प्रत्येक बाटलीत सारखी जाते.

कोकणकडा
पुण्यात घरी करता येईल का?

तळघर
@कोकणकडा नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा. घरगुती आहे, विकत नाही, हे चालत नाही. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या) आहेत. दुपारी गर्दी नसताना जाऊन ब्रुअरला गाठा, ही मंडळी खूप मनापासून सांगतात.

कोकणकडा
ओके. बहीण मेलबर्नला आहे, तिला पिडतो मग 😀

भजणीवाली
पिण्यातलं मला कळत नाही, पण रस काढून उरलेला बार्लीचा चोथा कुणी टाकू नका हो! मुलगा न्यू जर्सीला करतो. बार्लीला मोड आणून वाळवतात हे त्याने सांगितलं तेव्हा म्हटलं, अरे हे तर आपलं नाचणीच्या सत्त्वासारखंच. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते, म्हणून तर बाळाला पचतं.

तर चोथा घट्ट पिळून ओव्हनमध्ये मंद आचेवर कडकडीत वाळवायचा, मिक्सरवर दळून बारीक चाळणीने चाळायचा, नाहीतर टरफलं घशाला टोचतात. तीन वाट्या भाजणीला एक वाटी. थालीपीठ खमंग होतं. ओला मात्र ठेवू नका, संध्याकाळपर्यंत आंबतो.

रानजाई
काकू 🙏 या रविवारी नक्की.

आंबटगोड
वासावरून काय चुकलं ते कळतं, इतक्या वर्षांत नाक तयार झालंय. लोण्याचा वास आला तर यीस्टचं काम अर्धवट राहिलंय, शेवटी दोन-तीन अंश तापमान वाढवून आणखी काही दिवस थांबा. हिरव्या सफरचंदाचा आला तरी तेच, घाई. उकडलेल्या मक्याचा आला तर उकळताना झाकण ठेवलं होतं, तासभर उघडंच उकळायचं. आणि हिरव्या किंवा पांढऱ्या बाटल्या नकोत, उजेडाने हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं) बिघडून घाण वास येतो. तपकिरीच घ्या.

पावशेर
अगदी पहिल्यांदा करायची तर धान्यापासून की तयार अर्क?

तळघर
अर्क. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, अर्क पाण्यात विरघळवा, उकळा. कडवटपणासाठीचे हॉप्स सुरुवातीला आणि सुगंधाचे शेवटच्या पाच मिनिटांत. मग पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर निववा आणि यीस्ट घाला. दोन-तीन घाणे हात बसू द्या. मग धान्य मोठ्या कापडी पिशवीत भरून ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवायचं, पिशवी उचलली की रस तयार. जास्त गरम पाण्यात बिअर गोडसर आणि अंगाने जड होते, कमी गरममध्ये कोरडी.

उत्तररात्र
अवांतर पण महत्त्वाचं: घरात कुत्रा असेल तर उकळलेले हॉप्स उघड्या कचऱ्यात टाकू नका. कुत्र्यांना विषारी असतात, अंगात ताप भडकतो, जीवही जातो.

रानजाई
बापरे, हे माहीत नव्हतं! आमचा लॅब्राडोर सगळं खातो. आजच झाकणाचा डबा आणते.

भजणीवाली
हॉप्स उकळायच्या आधीच चोथा बाजूला काढतात ना? मुलाकडे मांजर आहे, तरी विचारते.

तळघर
हो काकू, चोथा आधी निघतो, हॉप्स नंतर पडतात. थालीपिठाला काही धोका नाही.

पावशेर
काकू, बरोबर लोणी की दही?

भजणीवाली
लोणी. घरचं असेल तरच.