मदत हवी आहे: ओ-यू-जी-एच असलेल्या इंग्रजी शब्दांची विभागणी कशी करावी?

सप्रेम नमस्कार. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे याच क्रमाने येणाऱ्या इंग्रजी शब्दांची उच्चारानुसार यादी मी विद्यार्थ्यांसाठी तयार करत आहे. अडचण अशी की अक्षरे तीच असूनही उच्चार सतत बदलतो. ‘टफ’ या शब्दात टीनंतर एच घातले की ‘दो’ होते, त्यात पुढे आर आले की ‘थ्रू’ होते, आणि ‘दो’च्या शेवटी टी जोडले तर ‘थॉट’ होते.

यातील जीएच हा मध्ययुगीन इंग्रजीत घशातून उच्चारला जाणारा ध्वनी होता. पुढे तो काही शब्दांत लोपला, काहींत ‘फ’ झाला, पण स्पेलिंग जुनेच राहिले. शेवटी टी असलेला गट त्यामानाने सोपा आहे, कारण ‘बॉट’, ‘ब्रॉट’, ‘फॉट’, ‘सॉट’ हे सारे एकाच चालीचे आहेत आणि ‘ड्राऊट’सारखा अपवाद वेगळा सांगता येतो. खरा प्रश्न उरतो तो ‘रफ’, ‘इनफ’, ‘कॉफ’, ‘प्लाऊ’, ‘दो’ आणि ‘थरो’ यांचा.

हे शब्द ओळखण्याची एखादी खात्रीची खूण आहे का, की प्रत्येक शब्द वाक्यातूनच पक्का करून घ्यावा? माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. मात्र कोणता गट आधी शिकवावा आणि ‘बाऊ’, ‘ट्रॉफ’ असे कमी वापरातले शब्द सुरुवातीला वगळावेत का, याविषयी प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर कळवावा.