ॲम्ब्युलन्स दारात, दांडा खालीच. गेटवर एंट्री हवीच का?

वाकडकर_77:
मागच्या महिन्यात रात्री पावणेतीनला बाबांच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम, डावा हात जड. 108 ला फोन लावला आणि त्या लोकांनी खरंच कमाल केली, 16 व्या मिनिटाला गाडी सोसायटीच्या गेटवर. पण गेटपासून आमच्या विंगखाली यायला अजून 9 मिनिटं! चालत दोन मिनिटं लागतात हो. झालं असं की मॅपने गाडी गेट नंबर 2 वर आणली, ते रात्री अकराला बंद होतं आणि किल्ली असते गेट 1 वर. वळसा घालून गाडी गेट 1 ला आली तर वॉचमन म्हणे फ्लॅट नंबर सांगा, ॲपवर अप्रूव्हल येऊ द्या. अप्रूव्हलची रिंग माझ्याच फोनवर, फोन बेडवर, आणि मी बाबांना धरून बसलेलो. दोनदा वाजून बंद झाला. शेवटी बायको अनवाणी खाली पळाली तेव्हा दांडा वर गेला.

बाबा वाचले. अँजिओप्लास्टी झाली, आता चहात साखर नाही म्हणून घर डोक्यावर घेतलंय. पण माझं म्हणणं एवढंच की गाडीचा दिवा दिसला की दांडा वर, एंट्री नंतर. आणि हे तोंडी नको, कमिटीच्या सहीने केबिनमध्ये चिकटवलेलं पाहिजे.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
बाबा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. पण सरसकट दांडा वर याला माझा विरोध. आमच्याकडे एक भाडेकरू चार महिन्यांचं भाडं थकवून रात्री एकला सामानासकट पसार झाला, कशातून माहितीय? ॲम्ब्युलन्स लिहिलेल्या व्हॅनमधून. आजी आजारी आहे म्हणाला, वॉचमनने सोडलं. दुसऱ्या दिवशी घरमालकाने शिव्या कोणाला घातल्या तर मला. शिवाय आमचे 11 टॉवर, सगळे एकसारखे, ड्रायव्हरला कुठे जायचंय हे विचारायला नको? विचारलं नाही तर तो आतच गरागरा फिरत बसेल आणि त्यात जास्त वेळ जाईल.

वाकडकर_77:
विचारा ना! पण दांडा वर करून विचारा. आणि तुमची व्हॅन बाहेर जाताना सोडलीत, माझी गाडी आत येताना अडली. बाहेर जाणारं सामान तपासायला तुम्हाला कोण नाही म्हणतंय?

बंब_रिटायर्ड:
31 वर्षं अग्निशमन दलात काढली. तुम्ही दांड्यावर भांडताय, अहो दांडा आम्ही बंबाने उडवून जातो, तो ॲल्युमिनियमचा असतो. खरी अडचण त्याच्या पुढे सुरू होते. उंच इमारतीभोवती 6 मीटर रस्ता मोकळा पाहिजे, आणि तो 45 टनाचं वजन पेलणारा पाहिजे, हे राष्ट्रीय बांधकाम संहितेत आहे. गेट पूर्ण उघडून कंपाउंडच्या भिंतीला टेकलं पाहिजे हेही आहे. प्रत्यक्षात काय? रस्त्यावर प्रत्येकाची दुसरी गाडी, वळणावर कारंजं, आणि गेटवर हौसेने बांधलेली कमान. एका ठिकाणी कमानीखालून शिडीची गाडी जाईना, शेवटी रस्त्यावरूनच पाइपाला पाइप जोडत आत गेलो. खाली पार्किंग आणि वर पेवर ब्लॉक असेल तिथे तर ड्रायव्हर गाडी घालायलाच कचरतो, स्लॅब किती पेलेल कोण सांगणार? गाडी हलवा म्हटलं की मालक गॅलरीतून ओरडतो, किल्ली सापडत नाहीये.

आणि गाड्या पोचूनही उपयोग काय, 2021 मध्ये करी रोडच्या अविघ्न पार्कला आग लागली, 60 मजल्यांचा टॉवर, तिथली स्वतःची अग्निशमन यंत्रणाच चालत नव्हती असं तेव्हा समोर आलं. 19 व्या मजल्यावरून पडून गेला तो सिक्युरिटी गार्ड. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, ही यंत्रणा चालू असल्याचा दाखला म्हणजे बी फॉर्म द्यावा लागतो. सेक्रेटरी साहेब, तुमचा शेवटचा कधी गेला?

सेक्रेटरी_नाइलाजाने:
जुलैत गेलाय. जाऊ द्या, मुद्दा गेटचा होता.

जर्सीसिटीकर:
इकडे अमेरिकेत बऱ्याच बंद कॉलन्यांच्या गेटवर सायरनचा आवाज ओळखून आपोआप उघडणारी यंत्रणा असते. मोठ्या बिल्डिंगच्या दाराशी भिंतीत एक छोटी तिजोरी, आत बिल्डिंगच्या किल्ल्या, ती फक्त फायरवाल्यांच्या किल्लीने उघडते. वॉचमनचा संबंधच नाही.

कसबापेठी:
आणा की आपल्याकडे. विसर्जनाच्या दिवशी डीजेवर सायरन वाजला की गेट दिवसभर उघडंच.

ड्युटी_बारा_तास:
मी गार्ड सुपरवायझर आहे, तीन सोसायट्या बघतो. सगळे वॉचमनला नावं ठेवतायत म्हणून लिहितो. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका पोराने पार्सलवाल्याला भिजतोय बघून एंट्रीविना आत सोडलं. मेंबरने ग्रुपवर फोटो टाकला, कमिटीने एजन्सीला कळवलं, पोराचे 500 रुपये कापले. बारा तासाची ड्युटी, त्यात 500 म्हणजे जवळपास सगळा दिवस गेला. आता तोच पोरगा रात्री तीनला एकटा केबिनमध्ये, समोर गाडी, ॲप लाल दाखवतंय. त्याने स्वतःच्या हिमतीवर दांडा उचलायचा? उद्या काही चोरीला गेलं तर पोलीस पहिला त्याला नेणार, कमिटीला नाही. वाकडकर साहेब म्हणतात तसं लिहून द्या, सही शिक्क्यासकट. आमच्या पोरांना लिहिलेलं पाहिजे. तोंडी सांगितलेलं सकाळी कोणालाच आठवत नाही.

आयसीयूतली_ताई:
+1. हृदय बंद पडलेलं असेल आणि कोणी छाती दाबत नसेल तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी खाली येते. आता वाकडकरांची 9 मिनिटं मोजा. एक वेगळं सांगते, लिफ्टचं पण बघा. स्ट्रेचर मावत नाही म्हणून पेशंटला खुर्चीत बसवून आणतात, मान लटकत असते. गाडी येईपर्यंत एकाने लिफ्ट खाली अडवून ठेवायची.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
ठीक आहे, थोडा मागे येतो. 108 आणि बंबाला दांडा लगेच वर, एक गार्ड सायकलवर पुढे विंगपर्यंत. खाजगी ॲम्ब्युलन्सचा नंबर आत जातानाच टिपायचा, पण थांबवायचं नाही. बाहेर पडताना मात्र मागचं दार उघडून बघणार, त्यात तडजोड नाही.

आयसीयूतली_ताई:
आणि आत पेशंट असला तर? तेव्हाही दार उघडून बघणार?

सेक्रेटरी_नाइलाजाने:
...पुढे धावणारा गार्ड बघून आलेला असेल ना. सायरन चालू असेल तर नाही अडवणार. वाकडकर, तुमच्या कमिटीने काय केलं?

वाकडकर_77:
पत्र दिलंय. मीटिंगमध्ये विषय नववा होता, आठवा क्लबहाउसचा रंग. रंगावरच साडेदहा वाजले आणि सगळे उठले. गेट 2 ची डुप्लिकेट किल्ली स्वतःच्या पैशाने करून देतो म्हटलं तर म्हणे त्याला ठराव लागेल. किल्ली अजून गेट 1 वरच आहे.